खाडा

“बाबा, तुम्हाला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी आले होते ना, ती तारीख सांगा बरं. नेमकी.”

लेकीचा फोन सकाळी साडेसहाला आला. एप्रिलचे दिवस. लातुरात एप्रिलमधली सकाळची साडेसहाची वेळ ही दिवसातली शेवटची बरी वेळ. आठनंतर ऊन अंगणात पाय ठेवू देत नाही. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी नळ आला होता. मी मोटार लावून टाकीकडं कान देऊन उभा होतो. तिकडं अमेरिकेत तिची रात्र झाली होती आणि आवाजावरूनच कळत होतं, समोर कागद पसरून बसलीय. नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला होता. ग्रीन कार्डाला, म्हणजे तिथं कायम राहण्याच्या परवान्याला, पाच वर्षं पुरी व्हायला तीन महिने उरले की अर्ज टाकता येतो, हे मला माहीत होतं. गेलं वर्षभर ती अधूनमधून बोलत होती. माहीत नव्हतं ते हे, की त्या अर्जात एक तक्ता असतो आणि गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर केलेली, चोवीस तासांहून मोठी प्रत्येक फेरी त्यात मांडावी लागते. कधी निघालात, कधी परतलात, कुठं गेला होतात. पाच वर्षांतले किमान तीस महिने तुम्ही तिथं हजर असायला पाहिजेत, म्हणून हा बाहेरच्या दिवसांचा हिशोब.

“बाहेर म्हणजे?” मी विचारलं.

“बाहेर म्हणजे बाहेर, बाबा. इकडं नव्हते ते दिवस.”

ती सहज बोलली. अर्जातलीच भाषा होती ती, तिची नव्हती. तारीख बघून सांगतो म्हणून मी फोन ठेवला आणि तिथंच उभा राहिलो. आतून हिचा आवाज आला, “अहो, टाकी!” गच्चीवरून पाणी भिंतीवर ओघळत होतं. लातुरात टाकी सांडू देणारा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांत चार दिवस तोंड दाखवू शकत नाही. मी मोटार बंद केली, पण डोक्यात तो एकच शब्द राहिला. जन्मली ते घर, शाळेला गेली ती गल्ली, जिथं अजून तिची सायकल जिन्याखाली गंज खात उभी आहे ती जागा, हे सगळं त्या तक्त्यात ‘बाहेर’ या एका खणात बसत होतं.

तारीख तिच्याकडं नव्हती याचं कारण ऐकून तर माझं डोकंच सटकलं. परतल्याची तारीख तिला तिकडच्या सरकारच्या संकेतस्थळावर मिळाली होती. निघाल्याची मिळत नव्हती. तिकीट घाईत दुसऱ्याच कुणी काढून दिलेलं, आणि पासपोर्टवर आपल्या विमानतळावरचा जो शिक्का होता त्यावर महिना वाचता येत होता, तारखेवर शाई पसरली होती. मी ३७ वर्षं पोस्टात काढली. १९७८ला लागलो, २०१५ला सुटलो. आमच्याकडं सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे ठशातली तारीख बदलणं. बदलली की आधी एका वहीत ठसा मारून बघायचा. नीट उठला तरच दिवसाचं काम सुरू. दोन दोन रुपयांच्या पाकिटांवर आम्ही तारीख वाचता येईल असे शिक्के मारले. माझे पहिले पोस्टमास्तर म्हणायचे, “शिक्का मारताना घाई करू नको, कुणाचा तरी खटला त्या तारखेवर उभा असतो.” तेव्हा वाटायचं, म्हातारा उगाच ताणतोय.

बरं, मला स्वतःला तरी ती तारीख कुठं आठवत होती? छातीत दुखायला लागल्यावर दवाखान्यात नेलं, मग शुद्धीबेशुद्धीत काही दिवस, आणि एकदा डोळे उघडले तर लेक समोर स्टुलावर बसलेली. विमानातला कोट अजून अंगात होता. मला वाटलं, मी स्वप्नात आहे किंवा आटोपलंय. तो दिवस कुठला, हे मी काय सांगणार?

हिला विचारलं. ही ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दिव्याची अवस तिनं इथं केलती. सोमवती होती. दिवे तिनंच घासले. अन् धोंड्याचा महिना लागला त्याच्या दुसऱ्या दिशी गेली. मी म्हणलं, जावई असते तर धोंडे केले असते.” मग उठली, कपाटावरून सुतळीनं बांधलेली कालनिर्णयची गुंडाळी काढली आणि माझ्यापुढं टाकली. “घ्या. दुधात सापडंल.”

आमच्याकडं जुनी कालनिर्णय टाकत नाहीत. का टाकत नाहीत, याचं उत्तर मला लग्न झाल्यापासून मिळालेलं नाही. पण त्या चौकोनांत या घराचा सगळा कारभार आहे. गॅसची टाकी कधी लावली, नळ कधी आला, मोलकरीण कधी आली नाही, कुणाकडं किती आहेर केला. २०१६च्या कालनिर्णयवर १२ एप्रिलच्या चौकोनात ‘गाडी आली’ एवढंच लिहिलंय. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली तो दिवस. जगभर बातम्या झाल्या, आमच्याकडं दोन शब्द. पण सगळ्यात जास्त जागा दुधाची. रोजचं अर्धा लिटर. ही अर्धा लिहीत नाही, जुन्या पद्धतीनं दोन उभ्या रेघा मारते, ॥. दूधवाला आला नाही त्या दिवशी लिहिते, खाडा. महिन्याच्या शेवटी खाडे मोजायचे, तेवढे पैसे वजा करायचे. पोरगी आली की दूध वाढतं. तिला चहा लागतो, तो पण नुसत्या दुधाचा, त्यात खीर, बासुंदी, काय काय. मग त्या चौकोनात येतं १॥.

२०२३चं कालनिर्णय उघडलं. जुलै. एक तारखेपासून दोन रेघा, दोन रेघा. मग ३, ४, ५, ६, ७, ओळीनं पाच खाडे. तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो आणि घराला कुलूप होतं. दूधवाल्याला हिनं कुठल्या अवस्थेत निरोप दिला असेल कोण जाणे, पण नंतर घरी येऊन खाडे मांडले होते. आणि ८ तारीख, शनिवार: १॥. तिथून ओळीनं १९ जुलैपर्यंत. १७ला सोमवार, अमावस्या. १८ला अधिक श्रावण लागला. १९ला दीड, २०ला पुन्हा दोन रेघा. बाई बोलली होती ते अक्षरशः खरं.

जुलै ८ला ती लातुरात आली असेल, तर मुंबईत ७ला उतरली, आणि तिकडून ६ला निघाली. मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, कशावरून काढलंत?” मी म्हणालो, “दुधावरून.” ती हसली. मग बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मागच्या दिवाळीचं अन् त्याच्या आधीचं पण जरा बघून ठेवा. तिकिटं आहेत माझ्याकडं, पण जुळवून घेते.”

ते पण जुळलं. सगळ्या फेऱ्या दुधात होत्या.

हे मला अजून नीट सांगता येत नाही, पण त्या दिवशी दुपारभर मी त्या गुंडाळीपाशी बसून होतो. तेच दिवस. तिकडच्या तक्त्यात ते कमी करायचे दिवस होते, ती तिथं नसल्याचे. आमच्या भिंतीवर ते वाढीव दुधाचे. एक गंमत तिनंच सांगितली. निघालेला दिवस आणि पोचलेला दिवस ते लोक हजेरीतच धरतात. म्हणजे तिकडून सकाळी निघून विमानात बसली, तरी तो दिवस तिकडचा. सरकार म्हणून विचार केला तर उदारच म्हणायचं. आमच्या खात्यात रजेला लागून रविवार आला तर त्यावरून सुद्धा कारकून वाद घालायचे.

यानंतर पाकिटाचा विषय निघाला आणि तिथं मात्र मला बरं वाटलं, कारण तो विषय माझा होता. जावई त्याचा अर्ज संगणकावरून भरून मोकळा झाला होता. तसा भरला तर फी ७१० डॉलर, कागदावर भरला तर ७६०. पन्नास डॉलर जास्त देऊन लेक कागदावर भरत होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “असंच.” मी पण पुढं विचारलं नाही. ७६० डॉलर म्हणजे तेव्हा आपले साधारण पासष्ट हजार. मी पोस्टात लागलो तेव्हा पासष्ट हजारांची थैली न्यायला सोबत बंदूकवाला लागत असे. आणि हिनं एक चेक लिहून पाकिटात सरकवला.

“बाबा, टाचणी लावायची नाही म्हणतात. पिन नाही, क्लिप नाही, भोक पाडायचं नाही. कागद तसेच सुटे ठेवायचे.”

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. सुटे कागद! आपल्याकडं कुठल्याही कचेरीत अर्ज म्हणजे डाव्या कोपऱ्यात भोक आणि त्यातून ओवलेला टॅग. टॅग नसेल तर बारनिशीचा कारकून हातच लावत नाही. मग तिनं समजावलं, तिथं कागद आले की यंत्रातून स्कॅन होतात, पिना काढत बसायला कुणी रिकामं नाही. सही राहिली तर सगळं पुडकं चेकसकट परत. म्हणून मी तिला तीनदा विचारलं, सही केली का. ग्रीन कार्डाची झेरॉक्स दोन्ही बाजूंनी घेतली का. नाव पासपोर्टवर आहे तसंच घातलंस ना, सासरचं-माहेरचं काही घोळ नको. “हो बाबा, हो बाबा.” पासबुकाचा अर्ज भरणाऱ्या खेड्यातल्या माणसाला मी खिडकीतून जसा पिडायचो तसाच पिडत होतो.

मग पत्ता. तिनं पाकिटाचा फोटो पाठवला. ती राहते एका राज्यात, पाकीट जायचं दुसऱ्याच राज्यात, आणि पत्ता होता पी.ओ. बॉक्सचा. एका देशाचं नागरिकत्व मागायचं, आणि पत्ता एका पेटीचा! ना साहेबाचं नाव, ना इमारत. पण एक बारकावा बघून मी खूश झालो. त्याच कचेरीचे दोन पत्ते दिलेले असतात. सरकारी टपालानं पाठवलं तर पेटीचा, खासगी कुरिअरनं पाठवलं तर रस्त्याचा. कारण पेटी पोस्टाची. तिथं कुरिअरवाल्याला हात घालता येत नाही. मी हिला म्हणालो, “बघ, तिथं अजून पोस्टाला मान आहे.” ही म्हणाली, “तुम्हाला कशाचं काय पडलंय.”

पोस्टातून आल्यावर तिनं फोन केला. पाकीट दिलं, पैसे भरले, पोहोच मागितली. तिथल्या बाईनं पाकिटाच्या पाठीमागं एक कार्ड चिकटवलं. घेणाऱ्यानं सही केली की ते कार्ड परत येतं. म्हणजे आपली एडीच की! मी विचारलं, कार्ड कसं असतं? “हिरवं,” ती म्हणाली. “तिथं पण त्याला ग्रीन कार्डच म्हणतात.” आणि आम्ही दोघं हसायला लागलो. वीस वर्षांपूर्वी घर सोडलं, इतकी वर्षं एका हिरव्या कार्डासाठी रांगेत होती, ते सोडण्याचा अर्ज टाकला आणि पोस्टानं त्यालाही हिरवंच कार्ड लावून दिलं.

आपल्याकडं आता रजिस्ट्रीच राहिली नाही. २०२५ सालात ती स्पीड पोस्टात विलीन केली. मी निवृत्त झालेला माणूस, मला काय. पण एडीची ती पोहोच घेऊन पोस्टमन खेड्यात जायचा आणि माणसं अंगठा उमटवताना हात धोतराला पुसून घ्यायची, ते मला दिसतं.

आणि पत्त्यांवरून आठवलं. पत्ता म्हणजे काय, हे मला १९९३ला कळलं. तेव्हा मी औशाला होतो. ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. जवळपास दहा हजार माणसं गेली. तिथलं आजवर इतकं लिहून झालंय की मी पुन्हा लिहीत नाही. मी फक्त टपालाचं सांगतो. टपाल थांबलं नाही. पुण्या-मुंबईला कामाला असलेल्या पोरांची पत्रं, भिवंडीहून मनीऑर्डरी, आदल्या आठवड्यात टाकलेल्या, त्या येतच राहिल्या. आमच्याकडं परत पाठवायच्या टपालावर शेरे ठरलेले असतात. पत्ता अपुरा. माणूस सोडून गेला. घेण्यास नकार. मयत. मी ते गठ्ठे टेबलावर घेऊन बसलो होतो आणि ‘गाव नाही’ असा शेरा नियमात नव्हता. किल्लारीकडचा एक पोस्टमन, त्याच्या स्वतःच्या घरातली दोन माणसं गेलेली, पाचव्या-सहाव्या दिवशी कामावर आला. मी म्हणालो, राहू द्या. तो काही बोलला नाही, पत्रं लावायला बसला. आणि त्यानं ती जुन्या बीटप्रमाणंच लावली. मारुतीच्या देवळामागची आधी, मग वेशीकडची, मग पाटलाच्या वाड्याकडची. देऊळ नव्हतं, वेस नव्हती, वाड्याची माती झाली होती. माणसं पत्र्याच्या शेडात, कोण कुठं काही ठिकाणा नाही. तो शेडांपुढं उभा राहून हाका मारायचा. “मारुतीच्या मागचे कोण हायत?” अन् माणसं बाहेर यायची.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. सरळ रेघेत घरं, घरांना नंबर. पत्ता एकदम सोपा झाला. नवा पोस्टमन सुद्धा चुकणार नाही असा. मारुतीच्या मागचे कोण, हे मात्र हळूहळू कुणाला सांगता येईना.

लेकीनं एका रात्री मला त्या शपथेची ओळ वाचून दाखवली. अर्ज मंजूर झाला की शेवटी हात वर करून ती घ्यायची असते. आजवर ज्या कुणा परकीय राजाचे, सत्ताधीशाचे, राज्याचे किंवा सार्वभौम सत्तेचे आपण प्रजाजन वा नागरिक होतो, त्याच्यावरची सगळी निष्ठा मी पूर्णपणे सोडते, अशा अर्थाची. “बाबा, अजून राजा लिहितात बघा. आपला कुठला राजा?”

मी म्हणालो, “तुझा नव्हता. तुझ्या आजोबाचा होता.”

आमचे अण्णा निजामाची रयत म्हणून जन्मले. ऐन विशीत असताना रझाकारांच्या भीतीनं रात्री घर सोडून शेतातल्या कडब्याच्या गंजीत झोपलेले. १७ सप्टेंबर १९४८ला निजाम शरण आला तेव्हा ते औशाजवळच्या आमच्या गावातच होते. नंतर ते सांगायचे, “सकाळी उठलो, नांगर धरला. संध्याकाळी कळलं, आपण आता हिंदुस्थानात.” त्यांनी कुठं सही केली नाही, हात वर केला नाही. आणि गंमत ही की ज्याचं राज्य गेलं तोच निजाम पुढं १९५० ते १९५६ हैदराबाद राज्याचा राजप्रमुख म्हणून होता. मग राज्य मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो. १९६०ला महाराष्ट्र झाला. १९८२ला उस्मानाबाद जिल्हा तोडून लातूर केला, आणि आता उस्मानाबादचंही धाराशिव झालं. अण्णांचं घर तेच, दार पूर्वेलाच, उंबऱ्याचा सागवान सुद्धा तोच. त्यांच्या ट्रंकेत एक पाकीट होतं, त्यावर निजामाच्या टपालाचं एक आण्याचं तिकीट, चारमिनारचं चित्र असलेलं. वर ठसा. तारीख अजून स्वच्छ वाचता येते.

चार राज्यं एका ओट्यावर बसून बघितलेला माणूस आणि त्याची नात. तिला मात्र प्रत्येक ठिकाणी फॉर्म लागला. मला दोन्हींतलं कुठलं बरं, ते ठरवता येत नाही. अण्णांना कुणी विचारलंच नाही. हिला विचारतात, तेही किती खोदून! कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का, हा सुद्धा प्रश्न त्या अर्जात आहे. मी घाबरून म्हणालो, “माझी युनियन लाल झेंड्याची होती, ते लिहायचं का?” ती म्हणाली, “बाबा, तुमचा अर्ज नाहीये.”

बरोबर आहे. माझा अर्ज नव्हता.

आमच्या गल्लीत एक निवृत्त तलाठी आहेत. सकाळी फिरायला सोबत असतात. त्यांना मी ओघात सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, “मग सातबाऱ्याला नाव लागंल का पोरीचं?” गावाकडं चार एकर आहे, विहिरीवरचं. मी माहिती काढून ठेवली होती. आपला कायदा दोन नागरिकत्वं मान्य करत नाही. तिकडचं घेतलं की इकडचं आपोआप सुटतं, पासपोर्ट जमा करायचा. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढायचं, त्यावर हवं तेव्हा येता-राहता येतं. मतदान नाही. आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं आली तर ठेवता येते. तलाठी जरा विचार करून म्हणाले, “म्हणजे तुमी गेल्यावरच तिची होणार.” मी म्हणालो, “तशी ती कुणाचीही गेल्यावरच होते की.” ते हसले. पण तलाठ्याचं डोकं, वळणावर थांबून म्हणाले, “मास्तर, आमी जन्मभर नोंदी ओढल्या. माणसं मेली तरी सातबाऱ्यावर वीस-वीस वर्षं जित्ती असायची. अन् जित्त्या माणसाचं नाव असं सहज कमी होतंय म्हंजे…” पुढं बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला जिल्हाभर दप्तरं उघडली, तेव्हा या माणसाला मोडी आणि उर्दू दोन्ही जमतं म्हणून लोक घरी येऊन बसायचे. फाटक्या कागदावर पणजोबाचं नाव सापडलं की माणसं तिथंच रडायची, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. मला ते तेव्हा जरा अतीच वाटलं होतं.

हिरवं कार्ड आठ-दहा दिवसांत सही होऊन परत आलं. तिनं फोटो पाठवला. सही कुणाची, ओळखू येत नव्हती. शिक्का मात्र ठळक होता. मग सरकारची पोचपावती आली, तिच्यावर अर्जाचा नंबर. तीन अक्षरं आणि दहा आकडे, एकूण तेरा. मी मोजले, कारण आपल्या टपालाच्या बारकोडातही तेराच असतात. दोन अक्षरं, नऊ आकडे, आणि शेवटी आय एन. इंडियाचे. मी तो नंबर माझ्या वहीत उतरवून घेतला. कशाला, ते विचारू नका. जन्मभराची सवय, नंबर उतरवून घेतला की वस्तू आपल्या ताब्यात आहे असं वाटतं.

मधले महिने अभ्यासाचे. तिनं २०२५ला अर्ज टाकला तेव्हा तिथल्या इतिहासाचे नि कारभाराचे शंभर प्रश्न असायचे, त्यांतले दहा विचारायचे, सहा आले की पास. रविवारी सकाळी फोनवर मी तिला प्रश्न विचारायचो, ती उत्तरं द्यायची. शाळेत असताना पाढे घ्यायचो तसं. तिथल्या दोन सर्वांत लांब नद्यांपैकी एक सांगा. मिसिसिपी. आतून हिचा आवाज यायचा, “हो का?” हिला आता तिथल्या नद्या पाठ आहेत. मांजरेला पाणी आलं का, हे मात्र ती लेकीला दर वेळी सांगतेच, कुणी विचारलेलं नसलं तरी.

फेब्रुवारीत, अर्जाच्याही आधी, पोरीनं सांगून ठेवलं होतं की यंदा दिवाळीला येते. त्याच दिवशी हिनं ऑक्टोबरचं पान उलटून १७ तारखेपासून, वसुबारसेपासून, पेन्सिलीनं दीड-दीड लिहून ठेवलं होतं. सहा दिवस. मी म्हणालो होतो, अजून आठ महिने आहेत. ही म्हणाली होती, दूधवाल्याला आधी सांगावं लागतं, दिवाळीत दूध मिळत नाही.

मुलाखतीचं बोलावणं नेमकं त्याच आठवड्यातलं निघालं. तारीख पुढं ढकलून मागता येते, पण मग पुढची कधी येईल ते त्यांच्या हातात. तिनं फोन केला तेव्हा रडवेली झाली होती. ही म्हणाली, “अगं, काम महत्त्वाचं. दिवाळी काय, दर वर्षी येती.” चांगलं बोलली. फोन ठेवला आणि करंज्यांचं सारण भाजायला लागली. खोबरं जरा करपलं.

दिवाळी झाली. आकाशकंदील उतरवला. महिनाअखेरीला दुधाचा हिशोब मी करतो, म्हणून भिंतीवरचं कालनिर्णय काढून चष्मा लावून बसलो. १७पासून २२पर्यंत, पेन्सिलीतलं दीड तिनं खोडलं नव्हतं. त्याच्याखाली पेनानं, सहाही चौकोनांत, लिहिलं होतं: खाडा.

त्या सहाही दिवशी दूध आलं होतं. अर्धा-अर्धा लिटर. मी स्वतः पातेलं धरलं होतं. दूधवाल्याला पूर्ण महिन्याचे पैसे दिले आणि कालनिर्णय परत खिळ्याला लावलं.